खंडेनवमीची बंदूक

आमच्या माहेरी खंडेनवमीला हत्यारांवर अक्षता टाकत नाहीत. हळद, कुंकू, झेंडूचं फूल सगळं चालतं, तांदूळ मात्र नाही. विळी असो, पाना असो, नाहीतर बाबांचा लाकडी मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर असो. लहानपणी मला वाटायचं, आमच्यासारखं सगळ्यांनीच ते सोडलं असेल. मग एका वर्षी शेजारच्या क्वार्टरमधल्या काकूंनी शिलाई मशीनवर चिमूटभर अक्षता वाहिलेल्या पाहिल्या आणि घरी येऊन आईला मोठ्यानं विचारलं. आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला. बाबा समोरच पेपर वाचत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही, पण पेपरचं पानही नंतर बराच वेळ बदललं नाही.

बाबा पोलिसांत होते, विदर्भातल्या जंगलाच्या जिल्ह्यात. बंदुका चालवणारे नाही, दुरुस्त करणारे. शस्त्रागार त्यांच्या ताब्यात. शाळा सुटली की मी तिकडच्या व्हरांड्यात जाऊन बसायची. मला तेलाचा तो वास फार आवडायचा, अजून आवडतो, त्याला मी तरी काय करू! घरी निघताना बाबा म्हणायचे, "हात दाखव." आधी तळवे, मग मागची बाजू. पोरीनं काडतुसाची पितळेची रिकामी पुंगळी मुठीत लपवून नेली तर नोकरी जाईल, ही त्यांची भीती. मी दोन्ही हात पुढे करायची, ते बघायचे आणि मग डोक्यावर एक टप्पल मारायचे.

तिथं एक शिपाई होता. विशीतला, मिसरूड नुकतं फुटलेलं. मी त्याला दादा म्हणायची. सायकलच्या नळीवर बसवून तो मला घरी सोडायचा आणि वाटेत बोरं पाडून द्यायचा, आंबट ढाण. आई ओरडली की म्हणायचा, "काकू, मीच खाल्ली सगळी, तिनं फक्त बिया थुंकल्या." असा गोड खोटारडा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

एका खंडेनवमीला साहेबांच्या हस्ते शस्त्रांची पूजा झाली. सतरंजीवर रायफली मांडल्या होत्या, त्यांच्यावर फुलं, कुंकू, अक्षता, सगळं रीतीप्रमाणे. दुसऱ्या दिवशी पूजा उतरवली की प्रत्येक हत्यार उघडून, पुसून ठेवायचं हा बाबांचा नेम. पण दसऱ्याच्या पहाटेच हुकूम आला, तुकडी लगेच निघाली पाहिजे. बाबांनी वरवर कपडा मारला आणि हत्यारं वाटून टाकली. दादाच्या वाट्याला एसएलआर आली. ही रायफल एक गोळी सुटली की दुसरी आपोआप भरून घेते. तुकडी नाल्यात गोळीबारात सापडली. परत आलेल्यांनी सांगितलं, दादाची पहिली गोळी सुटली, दुसरी सुटलीच नाही. तो खटका ओढत राहिला.

रायफल पुढे चिखलात सापडली. इतका गाळ भरला होता की ती काहून अडली हे कोणालाच सांगता आलं नाही. कोणी म्हणालं चिखल, कोणी म्हणालं काडतूस खराब, कोणी म्हणालं पोरगं घाबरलं असेल. बाबांना कोणी बोल लावला नाही. तेच वाईट झालं. कोणी दोन शिव्या घातल्या असत्या तर ते भांडले तरी असते. ते फक्त एवढंच म्हणत राहिले, "मी उघडून नाही पाह्यली." आणि आई प्रत्येक वेळी, भाकरी थापताथापता, कपडे वाळत घालताघालता, एकच उत्तर द्यायची: "एवढुशा तांदळानं एवढी मोठी रायफल अडते काय? काहीबाही बोलता!"

त्या एका वाक्यावर माझे बाबा जगले. अतिशयोक्ती नाही सांगत. आई ते बोलली की त्यांचा श्वास मोकळा झालेला मी डोळ्यांनी पाहिलाय. त्यांनी बदली मागून घेतली, कारकुनी पत्करली आणि पुन्हा कुठल्याही हत्याराला हात लावला नाही.

आता एवढं सगळं पाहिलेल्या मुलीनं बंदूक घ्यावी काय? सांगते. मी मेकॅनिकल इंजिनीअर. मिशिगनमधल्या नोव्हायला गाड्यांचे भाग करणाऱ्या एका कंपनीत लागले होते. आमच्या मशीन शॉपमधली मंडळी शनिवारी क्लबवर जायची. तिथं आकाशात मातीच्या थाळ्या उडवतात आणि त्या छर्ऱ्यांनी फोडायच्या असतात. एकदा गेले त्यांच्याबरोबर. बाप्पा, पहिल्याच दिवशी माझ्या इतक्या थाळ्या फुटल्या की सगळे हसायचे थांबले! ग्रीन कार्ड आल्यावर मी एक जुनी सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन घेतली. नवरा पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला. त्याची आधी दातखीळ बसली. मग त्यानं तळघरासाठी लोखंडी कपाट आणलं, दोन कुलपं आणली आणि काडतुसांना वेगळा डबा. "तुझी हौस, माझी झोप," म्हणाला.

बंदूक अमेरिकन खांद्यांच्या मापाची होती. दस्ता माझ्या कोपरात धरला की बोट चापापर्यंत पोचायचं नाही. मग त्या ऑक्टोबरात मी दस्ता घरीच कापायचा ठरवला. टेप लावून, खूण करून, बारीक दाताच्या करवतीनं हळूहळू. मागून रबराची गादी बसवली, कडा घासून सारख्या केल्या, वॉर्निश मारलं. ते वाळेपर्यंत बंदुकीचे बाकीचे भाग सुटे करून, साफ करून, टेबलावर वर्तमानपत्रावर मांडून ठेवले होते. या जातीच्या बंदुकीत दस्त्याच्या पोटात एक पातळ नळी असते आणि नळीत एक लांब स्प्रिंग. गोळी सुटल्यावर बोल्ट मागे जातो, रिकामं काडतूस फेकतो, आणि ही स्प्रिंग त्याला परत पुढे ढकलते. येताना तो नवं काडतूस घेऊन येतो. ती स्प्रिंगही काढून शेजारी ठेवली होती, नळी उघडी.

त्याच आठवड्यात खंडेनवमी आली. मी कामावर होते. संध्याकाळी घरी आले तर नवऱ्यानं टूलबॉक्स, लॉन मोवर, दोन्ही लॅपटॉप आणि माझी उघडी पडलेली बंदूक, सगळ्यांची साग्रसंगीत पूजा करून ठेवलेली. मला कुंकवाची बोटं दिसली आणि ग्रोसरीतली शेवंती दिसली. हसू आलं, बरंही वाटलं. लॅपटॉपवर कुंकू कोणी लावतं का म्हणून त्याला चिडवलं. सगळं पुसून घेतलं आणि वॉर्निश वाळल्यावर बंदूक जोडली.

आणि ती अडायला लागली.

दर वेळी नाही. दोनचार काडतुसं सुरळीत जायची आणि मग बोल्ट पुढे येताना बोटभर अंतरावर थबकायचा. तळव्यानं ठोकला की बसायचा. शॉपमधले म्हणायचे, दस्ता कापलास ना, घे आता! मलाही तेच वाटलं, हात दाखवून अवलक्षण. मी बोल्टला मागे ढकलणाऱ्या गॅसची भोकं साफ केली, रबरी रिंग बदलली, हलकी काडतुसं सोडून जड वापरली. स्प्रिंगच्या नळीवर मात्र माझा संशय गेला नाही, कारण ती तर मी स्वतः साफ केली होती. शिवाय ती उघडायची म्हणजे इतक्या मेहनतीनं बसवलेली रबराची गादी पुन्हा उखडायची. माझ्या जिवावर आलं होतं.

त्या हिवाळ्यात आई गेली. मी जाऊन दिवस करून आले. बाबा एकटे पडले, तर नवराच म्हणाला, त्यांना सहा महिने इकडेच आणू. मे महिन्यात ते आले. विमानतळावर मला पाहून म्हणाले, "बारीक झाली तू."

बंदुकीचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. सांगणारही नव्हते. त्यांच्या खोलीपासून तळघर लांब, कपाटाला कुलूप. पण दुसऱ्याच दिवशी चहा पिताना त्यांनी कप खाली ठेवला.

"खाली हत्यार हाय काय वं?"

नवरा माझ्याकडे बघायला लागला.

"तेलाचा वास येते," बाबा म्हणाले. "बंदुकीच्या. गाडीच्या तेलाचा नोहे."

मग सांगावंच लागलं. मला वाटलं आता रागावतील, नाहीतर सरळ परतीचं तिकीट काढ म्हणतील. ते एवढंच म्हणाले, "रिकामी ठेवतं ना?" आणि फिरायला निघून गेले. आमच्या कॉलनीत सगळी घरं एकसारखी, ते चुकले. एका मराठी काकांनी त्यांना परत आणून सोडलं. मला उगाच भरून आलं. ज्या माणसाला शस्त्रागारातल्या प्रत्येक रायफलीचा नंबर पाठ होता, त्याला लेकीचं घर ओळखता येईना.

पहिले काही दिवस ते तळघराकडे फिरकले नाहीत. मग एका शनिवारी मी खाली बोल्टशी झगडत होते, तर जिन्यात पाय दिसले. ते मधल्या पायरीवर बसले. पुढे नाही आले.

"अडते?"

"हो."

"कवापासून?"

"दस्ता कापला तेव्हापासून."

त्यांनी मान हलवली. त्यानंतर मी खाली गेले की ते यायचे आणि त्याच पायरीवर बसायचे. हात लावायचे नाहीत, पण उंटावरून शेळ्या हाकणं चालू. गॅसचं भोक पाह्य. पाहिलं बाबा. रिंग पाह्य. बदलली बाबा. मॅगझिन पाह्य. माझी चिडचिड व्हायची. मीही त्यांचीच पोरगी, नाकावर माशी बसू देत नाही. एकदा मी पाना आपटला आणि म्हणाले, "तुम्हीच या ना मग खाली!" ते आले नाहीत. त्यांचा चेहरा मात्र असा झाला की मला माझंच थोबाड फोडावंसं वाटलं.

त्या दिवशी पहिल्यांदा बाबा बोलले. जिन्यातूनच.

"माहा एक हिशोब हाय," म्हणाले. "ह्या बंदुका आपल्या आपण अडतात. स्प्रिंग थकते, रिंग फाटते. कोणाची चूक नसते. तुही बंदूक काहून अडते ते सापडू दे. एकदा डोळ्यानं पाह्यलं का, मले वाटंल त्याचंही तसंच झालं असंल." आणि थोडं थांबून, "तुही आई होती तं ती सांगे. आता कोणी सांगत नाही."

म्हणजे इतकी वर्षं ते वाक्य त्यांना रोज लागत होतं, औषधासारखं. आणि ते देणारी गेली होती. मला त्या क्षणी कळलं की बाबा अमेरिका बघायला नाही आलेले. त्यांना रात्री झोप लागत नव्हती, जेवण जात नव्हतं. त्यांचं आता सगळंच माझ्या तळघरातल्या एका जुन्या बंदुकीवर अवलंबून होतं. दादा आमच्या घरात राहायला आल्यासारखा झाला. बोल्ट थबकला की मला तो दिसायचा, नाल्यात, खटका ओढताना. मी थाळ्या फोडायला जाणं बंद केलं.

आणि मग नवऱ्यानं दिवे लावले. बिचाऱ्याचा दोष काहीच नाही. मी त्याला ही गोष्ट कधी सांगितलीच नव्हती. बाबांनी हत्यारांचं काम सोडलं एवढंच त्याला माहीत. रविवारची दुपार, मी वरण-भात आणि भरली वांगी केली होती, बाबांनी दोन घास जास्त घेतलेले. त्यांना बरं वाटावं म्हणून नवरा म्हणाला, "बाबा, आम्ही इथंसुद्धा खंडेनवमी सोडत नाही बरं का. हिची बंदूक तेव्हा पूर्ण उघडी होती, तिचीसुद्धा पूजा केली मी. फुलं, कुंकवात भिजवलेल्या अक्षता, सगळं यथासांग."

माझ्या हातातला डाव भातात तसाच राहिला. अक्षता? मला माहीतच नव्हतं. त्यानं नंतर त्या नीट वेचून घेतल्या होत्या, पद्धत म्हणजे पद्धत, आणि झाडाला वाहिल्या होत्या. मी आले तेव्हा फक्त कुंकू आणि फुलं होती.

बाबांनी ताटात हात धुतले. अर्धं ताट तसंच. उठले आणि तळघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

"उघड," म्हणाले.

"बाबा, जेवून घ्या ना."

"उघड वं, पोरी."

नवरा भांबावून विचारत होता, "अगं, झालं काय? मी काही चुकीचं बोललो का?" मी त्याला म्हटलं, तू वरच थांब, देवाशप्पथ खाली येऊ नकोस.

मी बंदूक काढली. रिकामी आहे हे त्यांना दाखवलं, त्यांनी पुन्हा विचारलं, पुन्हा दाखवलं. रबराची गादी उखडली. दस्ता सोडवला. पान्याची पकड दोनदा सुटली. बाबा मधल्या पायरीवर, दोन्ही हात गुडघ्यांवर. वर फॅमिली रूममध्ये नवऱ्यानं टीव्ही लावला आणि लगेच बंद केला. नळीचं टोक मी माझ्याकडे वळवून, पाठ जिन्याकडे करून बसले. मुद्दाम नव्हे. दिवाच त्या बाजूला होता.

स्प्रिंग बाहेर आली. तिच्या टोकाला एक छोटी धातूची टोपी असते, बोल्टचं शेपूट तिच्यावर टेकतं. टोपी निघेना. चिमट्यानं ओढली, तर तिच्यासोबत तो बाहेर आला आणि माझ्या तळव्यावर पडला. तांदळाचा दाणा. तेलानं काळपटलेला, एका टोकाला ठेचलेला, पण मधल्या भागाला कुंकवाचा रंग अजून होता. टोपी आणि नळीच्या मधे पाचरीसारखा बसला होता. कधी सरकू द्यायचा, कधी अडवायचा.

एवढासा तांदूळ.

मी आईला मनातल्या मनात हाक मारली. म्हटलं, आई, अडते गं. एवढ्याशा तांदळानं अडते.

आता मला माहीत आहे, यातून दादाच्या रायफलीचं काहीच सिद्ध होत नाही. ती वेगळी बनावट, वेगळी जागा, वर चिखल. मी इंजिनीअर आहे, मला एका नमुन्यावरून निष्कर्ष काढायचा नसतो हे कळतं. पण बाबांना निष्कर्ष नको होता. त्यांना फक्त "असं होऊच शकत नाही" एवढं हवं होतं, आणि माझ्या तळव्यावर "होऊ शकतं" पडलं होतं.

मी थांबले असणार. थांबले म्हणूनच त्यांना शंका आली. जिना करकरला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते शेवटच्या पायरीवरून खाली उतरले.

"काय सापडलं वं?"

"काही नाही बाबा, बघते आहे."

"हात दाखव."

त्यांच्या आवाजात तोच जुना हुकूम. आणि माझ्यातली ती शाळकरी पोरगी इतकी घाबरली, की मी विचारबिचार काही केला नाही. खोकला आल्यासारखा हात तोंडाकडे नेला आणि दाणा आत टाकला. वळले. दोन्ही तळवे पुढे केले. मग मागची बाजू.

बाबांनी माझे हात धरून दिव्याकडे नेले. बोटं तेलानं काळी. कुंकू कुठंच नाही. ते बघत राहिले आणि दाणा माझ्या दाढेखाली होता. बंदुकीच्या तेलाची चव ज्यानं घेतली नाही त्याला ती सांगता येणार नाही. मी गिळला. घशात एक क्षण अडकला मेला, आणि मग गेला.

"स्प्रिंग," मी म्हणाले. "स्प्रिंग थकली आहे, बाबा. बघा ना, कशी वाकडी झालीय. जुनी बंदूक, चालायचंच. बदलली की झालं."

त्यांनी स्प्रिंग हातात घेतली. इतक्या वर्षांनी हत्याराचा एक भाग त्यांच्या हातात होता. दाबून पाहिली, सोडली, पुन्हा दाबली. स्प्रिंग ठणठणीत होती. माझ्यापेक्षा त्यांना ते जास्त कळायला हवं होतं.

"हाव," बाबा म्हणाले. "थकली हाय."

मी खोटं बोलले आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन. याबद्दल मला कोणी नीतीचे धडे देऊ नयेत.

नवी स्प्रिंग मागवली, नळी पुसून आरशासारखी केली, बंदूक जोडली. पुढच्या शनिवारी बाबा स्वतःहून क्लबवर आले. कानांवर आवाज अडवणारे ते मोठे ठोकळे लावून, माकडटोपीच्या वरून, मागच्या बाकावर बसले. माझे शॉपवाले त्यांना "सर, सर" करत होते. मी एकामागून एक काडतुसं सोडली. बोल्ट प्रत्येक वेळी जागेवर बसला, खटाक, खटाक, एकदाही थबकला नाही. किती थाळ्या फुटल्या मला ठाऊक नाही, मी तिकडे बघतच नव्हते. बंदूक रिकामी करून मागे वळले तर बाबा रडत होते. उघड, सगळ्यांसमोर, लहान पोरासारखे. मी जाऊन बसले शेजारी.

"तुही आई खरं सांगे," ते म्हणाले. "एवढुशा तांदळानं एवढी मोठी रायफल अडते काय?"

"नाही अडत, बाबा," मी म्हणाले.

त्यानंतर ते जेवायला लागले. जावईबापूंशी क्रिकेटवर भांडायला लागले. मंडळाच्या गणपतीत त्यांनी टेबलांचे हललेले पाय घट्ट करून दिले, कोणी सांगितलं नसताना. ती जुनी स्प्रिंग त्यांनी फेकू दिली नाही, रुमालात गुंडाळून बॅगेत ठेवली. मी मात्र कामावर पत्रा ठोकणाऱ्या प्रेसचा आवाज थांबला की दचकायला लागले. कोणी बोरं म्हटलं तरी मी उठून जायची. बाबांच्या खोलीतून दादा निघाला होता आणि माझ्याकडे आला होता. नवऱ्याला मी एकदा सगळं सांगितलं, गाडीत, सिग्नलला. सिग्नल हिरवा झाला तरी तो गाडी हलवेना. मागचे हॉर्न वाजवत राहिले.

ऑक्टोबरच्या शेवटी बाबांचं परतीचं तिकीट होतं. त्याआधी खंडेनवमी आली. सकाळी आंघोळ करून ते स्वयंपाकघरात आले. धुतलेलं धोतर, कपाळाला गंध.

"वाटीभर तांदूळ दे," म्हणाले. "आणि कुंकू."

मी वाटी काढली, तांदळाचा डबा मात्र उघडला नाही.

"बंदूक काढ तुही. आज मी पूजा करतो. त्या पोराच्या नावानं एकदाही नाही झाली माह्याकून. दर साली राह्यली."

मी नाही कशी म्हणणार होते? कुठल्या तोंडानं? ज्या तोंडानं दाणा गिळला होता त्याच तोंडानं म्हणाले, "हो बाबा, काढते." खाली टेबलावर स्वच्छ चादर अंथरली. बंदूक ठेवली. मी बोल्ट बंद करायला हात पुढे केला तर ते म्हणाले, "राहू दे, उघडी असली म्हणजे रिकामी दिसते." हळद लावली, कुंकू लावलं. मग मूठ भरून अक्षता घेतल्या, डोळे मिटले, ओठ हलले. दादाचं नाव मी स्पष्ट ऐकलं. कितीतरी वर्षांनी कोणीतरी त्याला नावानं हाक मारली. आणि बाबांनी सढळ हातानं त्या अक्षता बंदुकीवर टाकल्या, लग्नात टाकतात तशा. काडतूस बाहेर पडतं त्या उघड्या खिडकीतून काही आत गेल्या. टपटप आवाज आला.

त्यांनी हात जोडले. चेहरा इतका शांत होता, मी तो तसा लहानपणीही पाहिला नव्हता. मग वर जाऊन पुरणपोळी जेवले, दोन, तुपाची धार धरून, आणि दुपारी सोफ्यावरच आडवे झाले.

मी खाली आले. दस्ता सोडवला, नळी उघडली, चाप वेगळा केला, चिमटा घेतला. नवरा न बोलावता आला आणि टॉर्च धरून उभा राहिला. एकेक दाणा काढून मी वाटीत ठेवत होते. शेवटी काही दिसेना तेव्हा तो हळूच म्हणाला, "झाले वाटतं सगळे."

"वाटतं?" मी म्हणाले.

तो टॉर्च घेऊन पुन्हा वाकला. वर बाबा घोरत होते. मी सगळे भाग पुन्हा सुटे केले आणि पहिल्यापासून बघायला लागले.